कंस-कोलनचं दळण : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या लेखात अकरावीतल्या एका मुलीचा पायथन प्रोग्रॅम घेऊन त्यातल्या सिंटॅक्स एरर (भाषेचे लिहिण्याचे नियम मोडल्याच्या चुका) एकेक करून काढल्या होत्या. ए, बी, सी हे तीन सहगुणक विचारायचे आणि वर्गसमीकरणाची दोन मुळं छापायची, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. त्यावर एका वाचकांनी चांगलंच सुनावलं. थोडक्यात असं: "सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली, पण कंस आणि कोलन यांच्यावर एवढं दळण दळलेलं पाहिलं नाही. चूक कुठे आहे ते एडिटर लाल रेघ मारून दाखवतो. चॅटजीपीटीला दिलं तर दोन सेकंदांत नीट करून मिळतं. मुलांना लॉजिक शिकवा. आणि विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी 'बी वर्ग वजा ४एसी' ही किंमत) ऋण आला तर काय करायचं, हे तर तुम्ही सांगितलंच नाही." उत्तर लांबलं, म्हणून ते इथे स्वतंत्रपणे देतोय.

नमस्कार. आधी लाल रेघेबद्दल. ती चूक जिथे झाली तिथेच येते असं नाही. वाचता वाचता पायथन जिथे अडला तिथे येते. या दोन जागांमध्ये कधी कधी एका ओळीचं अंतर असतं आणि नवशिक्याचा अख्खा तास त्या एका ओळीत जातो. त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये पाचव्या ओळीवर वर्गमूळ काढताना दोन कंस उघडले होते आणि एकच बंद केला होता. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पायथनने बोट ठेवलं सहाव्या ओळीवर, आणि संदेश नुसता 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. सहावी ओळ शंभर टक्के बरोबर होती. तिने ती पुसून पुन्हा लिहिली, मग दुसऱ्या पद्धतीने लिहिली, मग रडकुंडीला आली. पायथनचा दोष नाही. कंस उघडा असेपर्यंत त्याच्या लेखी ओळ संपतच नाही, त्यामुळे सहावी ओळ त्याला पाचवीचंच शेपूट वाटते.

पायथन ३.९ मध्ये (२०२०) पार्सर (प्रोग्रॅम वाचून त्याची रचना तपासणारा भाग) बदलला आणि ३.१० पासून (२०२१) हे संदेश खूपच शहाणे झाले. आता तो उघड्या कंसावरच बोट ठेवून 'हा बंदच झाला नाही' असं स्वच्छ सांगतो. इफमध्ये (अट तपासायच्या ओळीत) एकच बरोबरचं चिन्ह टाकलं तर 'दोन म्हणायचं होतं का?' असं विचारतो. पण सगळ्या लॅबमध्ये नवी आवृत्ती असते असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा एखाद्या लॅबमध्ये डोकावून या.

आता मुख्य मुद्दा: 'सिंटॅक्स नको, लॉजिक शिकवा.' या दोन गोष्टी तुम्ही दोन कप्प्यांत ठेवता, तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही. लेखाच्या शेवटापर्यंत तुम्ही पोचला असाल तर आठवेल की सगळ्या सिंटॅक्स एरर गेल्यावर प्रोग्रॅम मुकाट चालला. एक्स वर्ग वजा ५एक्स अधिक ६ या समीकरणाची मुळं त्याने छापली सुमारे ४.५६ आणि ०.४४. दहावीतलं कुणीही सांगेल की ती २ आणि ३ आहेत. इथे लाल रेघ नाही, संदेश नाही, काही नाही. गंमत म्हणजे मुळांची बेरीज करून पाहिली तर ती बरोबर ५ येते! अर्धाच ताळा करणारा इथे फसतो. गुणाकार केला तरच कळतं, ६ यायला हवे तिथे २ येतात.

का आलं असं? तिने लिहिलं होतं: बी^२ - ४*ए*सी. एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात, तिथूनच तिने ते उचललं. पायथनमध्ये घाताला दोन फुल्या, म्हणजे **. ^ हे चिन्हही चालतं, पण त्याचा अर्थ वेगळा: दोन पूर्णांकांचे बिट (यंत्रातले ० आणि १) शेजारी ठेवून जिथे फरक असेल तिथे १ मांडायचा. त्यातून त्याचा अग्रक्रम वजाबाकीपेक्षाही खालचा. म्हणजे पायथनने आधी २ - २४ केलं, उणे २२ आले, आणि मग उणे ५ व उणे २२ यांच्यावर ती बिटांची क्रिया करून उत्तर काढलं १७. विवेचक १ यायला हवा होता. तिने किमती इंट (पूर्णांक) म्हणून घेतल्या होत्या, म्हणून हे खपून गेलं. फ्लोट (दशांश) घेतल्या असत्या तर पायथनने तिथल्या तिथे टाइपएरर, म्हणजे 'या प्रकारच्या संख्यांवर ही क्रिया चालत नाही' अशी चूक, देऊन थांबवलं असतं.

आता मला सांगा, ही चूक सिंटॅक्सची की लॉजिकची? तिचं गणित चोख आहे, सूत्र तोंडपाठ आहे. चुकलं ते एवढंच की यंत्र ही ओळ कशी वाचेल याचा अंदाज तिला नव्हता. तो अंदाज कुठे येतो? '४एसी' लिहिल्यावर पायथन का अडतो, हे एकदा स्वतः सोडवताना. अंकाने सुरू होणारं नाव त्याला चालत नाही, आणि ४*एसी केलं तर 'एसी नावाचं मला काही माहीत नाही' म्हणून तो पुन्हा थांबतो. ए गुणिले सी हे वहीत आपण न लिहिता समजून घेतो, तो समजून घेत नाही. हे ज्याच्या अंगवळणी पडलं तो ^ कडेही संशयाने बघतो, आणि शेवटी '/२*ए' लिहिलं असेल तर त्याकडेही. २*ए भोवतीचा कंस राहिला तर ए = १ असताना उत्तर बरोबरच येतं. २, -७, ३ घालून बघा: ३ आणि ०.५ ऐवजी १२ आणि २ मिळतील.

चॅटजीपीटीवर माझा राग नाही. ते ^ सुद्धा बहुधा दुरुस्त करून देईल. पण चार बदल एकदम करून आलेला प्रोग्रॅम चालला की पोर पुढच्या प्रश्नाकडे वळतं, चौघांतला कुठला बदल कशासाठी होता हे बघायला थांबत नाही. आणि यंत्राने चुका आपणच सावराव्यात ही कल्पना काही आजची नाही. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी पीएल/सी नावाचा कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) होता. पंचकार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघायचा तो काळ, एका स्वल्पविरामापायी फेरी फुकट जाऊ नये म्हणून तो चुकीची ओळ स्वतःच सावरून घ्यायचा, काय गृहीत धरलं ते छापायचा आणि पुढे चालायचा. उत्तम सोय! पण सावरलेली ओळ म्हणजे तुमच्या मनातली ओळ असेलच असं नाही, म्हणून तो छापलेला कागद वाचावाच लागे. आजही तेच: बदल विचारा, पण एकेक विचारा आणि वाचा. पायथन सिंटॅक्सची एका वेळी एकच चूक सांगून थांबतो, ते नवशिक्याच्या पथ्यावरच पडतं.

जाता जाता मराठी मुलांसाठी एक. इनपुटला कुणी ४ हा देवनागरी आकडा टाइप केला तर इंट आणि फ्लोट तो बिनतक्रार घेतात, पण प्रोग्रॅमच्या ओळीत तोच ४ लिहिला तर 'इनव्हॅलिड कॅरेक्टर'. व्हॉट्सॲपवरच्या नोट्समधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि वजाच्या जागी आलेली लांब रेघ यांचंही तेच.

राहिला ऋण विवेचक. तो मुद्दा वाजवी आहे, आणि पुढच्या भागासाठीच ठेवला होता. मॅथ या पायथनच्या गणिती संचातलं वर्गमूळ ऋण संख्येला व्हॅल्यूएरर (ही किंमत चालत नाही अशी चूक) देतं, म्हणून विवेचक शून्यापेक्षा लहान आहे का हे वर्गमूळ काढण्याआधी तपासायचं, नंतर नाही. अकरावीला संमिश्र संख्या झाल्या असतील तर मॅथऐवजी सीमॅथ हा संमिश्र संख्यांचा संच घ्यायचा, मग दोन्ही मुळं संमिश्र रूपात मिळतात. आणि या सगळ्याच्या आधी ए शून्य नाही ना, ते बघायचं. नाहीतर शेवटच्या भागाकारात प्रोग्रॅम कोसळतो.