बाटलीतलं इन्सुलिन हलकं नाही, ताई. आधी सिरिंजचं टोपण बघा

ताई, तुमचा राग समजतो, आणि त्यातला थोडा, पेनवरून बाटलीतल्या इन्सुलिनवर येण्याबद्दलच्या माझ्या लेखाने ओढवूनच घेतला आहे. तुम्ही लिहिता: सासूबाईंना इन्सुलिनच्या पेनने सकाळ-संध्याकाळ 20-20 युनिट देत होतो तोवर साखर आटोक्यात होती. 2025 पासून ह्यूमन मिक्स्टार्डचं (त्यांच्या इन्सुलिनचं) पेन मिळेनासं झालं, म्हणून बाटली आणली. पहिली बाटली पंचवीस दिवस पुरली, पण तेवढ्यात उपाशीपोटीची साखर 280 वर गेली. डॉक्टरांनी 30-30 केलं तरी उतार नाही. "डोस तोच राहतो असं लिहून तुम्ही हलका माल लोकांच्या गळ्यात मारता," हा तुमचा आरोप.

माझं लक्ष त्या पंचवीस दिवसांवर अडलं. मिक्स्टार्डच्या बाटलीवर "40 आययू/मिली" छापलेलं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. 10 मिलीची बाटली म्हणजे 400 युनिट. रोज 40 युनिट गेले तर ती दहाव्या दिवशी संपायला हवी. पंचवीस दिवस पुरली, याचा अर्थ रोज 16 युनिटच गेले, म्हणजे एका वेळी 8.

8 चा आकडा येतो कुठून? केशरी टोपणाच्या सिरिंजमधून. ती 100 युनिट/मिलीच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यावरची 20 ची रेघ म्हणजे 0.2 मिली, आणि 40 च्या बाटलीतल्या 0.2 मिलीत 8 युनिटच असतात. या बाटलीला लाल टोपणाची, 40 युनिटची सिरिंज लागते. मेडिकलमध्ये नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की हाताला येईल ती मिळते. लेखात "डोस तोच" हे ठळक छापून सिरिंजची गोष्ट मी शेवटच्या ओळीत टाकली. ती चूक माझी; आता पहिल्याच परिच्छेदात घेतली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टोपण केशरी निघालं तर लाल सिरिंज आणून तिने 30 देऊ नका. आज सासूबाईंच्या अंगात प्रत्यक्षात 12 युनिट जात आहेत. एकदम खरे 30 गेले, तर पेनवर त्यांना पुरत असलेल्या डोसच्या दीडपट होतील आणि साखर धोकादायक खाली येईल. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा: बाटली 40 ची, सिरिंज 100 ची, 30 च्या रेघेपर्यंत भरत होतो. नवा डोस त्यांनीच ठरवावा. केशरी सिरिंजमध्ये अडीचपट ओढायचा हिशेबही करू नका. उद्या घरातलं दुसरं कुणी इंजेक्शन देईल आणि घोटाळा होईल. उलटी, झापड किंवा धाप दिसली तर फोनवर न थांबता दवाखाना गाठा.

उलटी गफलत याहून वाईट. 100 ची बाटली असेल किंवा पेनच्या कार्ट्रिजमधून (पेनमधल्या औषधाच्या नळीतून, तीही 100 चीच) कुणी सिरिंजने औषध ओढलं असेल, तर लाल सिरिंजच्या 20 च्या रेघेला 50 युनिट जातात. कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच घालायची नाही.

टोपण लालच निघालं, तर मात्र पंचवीस दिवसांचा उलगडा भरण्यात शोधावा लागेल. सिरिंजमध्ये हवेचा मोठा बुडबुडा राहिला की तेवढं औषध कमी जातं. म्हणून आधी डोसइतकी हवा बाटलीत सोडा, बाटली उलटी करून औषध ओढा, टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि परत ढकला. मिक्स्टार्ड गढूळ असतं. भरण्याआधी बाटली तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा हळू उलटीसुलटी करा, घुसळू नका. पोटावर गाठी झाल्या असतील तर जागा बदला, कारण गाठीत दिलेलं औषध नीट शोषलं जात नाही.

सुईचंही बघा. पेनची सुई बहुतेक 4 मिमीची असते, सिरिंजची 6 किंवा 8. सासूबाई बारीक असतील तर चिमटीत कातडी उचलून 45 अंशांत टोचा, नाहीतर औषध स्नायूत जाऊन साखर झपाट्याने उतरू शकते. तीन चमचे साखर घातलेलं पाणी आणि ग्लुकोमीटर हाताशी असू द्या.

अमेरिकेसह बऱ्याच देशांनी 40 ची बाटली केव्हाच मोडीत काढली. आपल्याकडे दोन्ही मापं शेजारी शेजारी विकली जातात, आणि पेन काढून घेताना रुग्णाला हे समजावणारं कुणी नसतं. तुमची तक्रार तिथे शंभर टक्के रास्त आहे.

टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा बघून इथेच कळवा. बाटली उघडल्याची तारीख आजपासून तिच्यावर लिहायला लागा.