कार्डावरची माणसं

गेल्या डिसेंबरात पुण्याला आले होते तेव्हा पेठेतल्या आमच्या जुन्या ग्रंथालयात गेले. दहाव्या वर्षी बाबांनी मला तिथं बालसभासद केलं होतं. कॉम्प्युटर आले तरी कार्डांचं सागवानी कपाट अजून जागेवर आहे, कारण जुन्या पुस्तकांच्या नोंदी अजून कॉम्प्युटरवर चढलेल्या नाहीत.

माझ्या पुढे एक मुलगी उभी होती. समाजशास्त्रात एम. ए. करणारी, मूळची सोलापूर जिल्ह्यातली. देवघेवीच्या टेबलावरच्या काकांना तिनं विचारलं, "पारधी समाजावर काही मिळेल का?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "'ग'च्या खणात बघ. गुन्हेगार जमाती."

काकांच्या आवाजात तिरस्काराचा लवलेशही नव्हता. इतकी वर्षं ते जे पाहत आले तेच त्यांनी सांगितलं. मुलीनं खण ओढला. पिवळी पडलेली कार्डं, खालच्या भोकातून गेलेली लोखंडी सळई, टाइपरायटरचा तुटका रफार. आणि प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर, जुन्या पद्धतीप्रमाणे लाल शाईत, तेच दोन शब्द. एका कार्डावरचं पुस्तक 1974 सालचं होतं. म्हणजे काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1952 साली रद्द होऊन 22 वर्षं उलटल्यावरही कुणीतरी यंत्रावर बसून लाल फीत लावली होती आणि ते शब्द पुन्हा उमटवले होते.

तिनं मोबाइलवर कार्डाचा फोटो काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी पारधीच आहे. आमच्यावर एवढी पुस्तकं आहेत हे बघून बरं वाटलं. पण खण कुठला ते बघा ना."

मी 19 वर्षं अमेरिकेत तालिकाकार म्हणून काम करते आहे. पुस्तक आलं की ते कशाबद्दल आहे हे ठरवायचं आणि ठरलेल्या यादीतलं विषयशीर्षक त्याला द्यायचं, हे माझं रोजचं काम. मला त्या मुलीला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक फरक स्पष्ट करते, कारण पुण्यात ज्यांच्याशी या विषयावर बोलले त्यातल्या बहुतेकांची गल्लत इथंच झाली. पुस्तकाचं नाव लेखकाचं असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर काहीही छापलेलं असो, ते तसंच नोंदवायचं, त्यातली एक वेलांटीही बदलायची नाही. विषयशीर्षक मात्र ग्रंथालय स्वतः देतं. तो ग्रंथालयाचा स्वतःचा आवाज असतो, आणि तो आजचा असतो. आज त्या खणाशी येणाऱ्या माणसाला ग्रंथालय आज काय म्हणतं, एवढाच हा प्रश्न आहे.

मी राहते ते मिनियापोलिस हेनेपिन काउंटीत येतं. या काउंटीच्या ग्रंथालयात सॅनफर्ड बर्मन नावाचे मुख्य तालिकाकार होते. त्याआधी ते झांबियात विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांच्या यादीतलं, आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठीचं 'काफिर्स' हे शीर्षक तिथं वापरात होतं. हा शब्द आम्हाला शिवीसारखा लागतो, हे तिथल्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी त्यांना सांगितलं. त्यांनी अख्खी यादी पुन्हा वाचून काढली आणि कुठली शीर्षकं का चुकीची आहेत, त्याऐवजी काय हवं, यावर 1971 साली पुस्तकच लिहिलं. त्यांनी बोट ठेवलेली पुष्कळशी शीर्षकं पुढच्या काही दशकांत एकेक करून बदलली. 'ज्यूइश क्वेश्चन' गेलं, म्हणजे एक अख्खा समाज 'प्रश्न' असण्यातून सुटला. 'जिप्सीज'चं 'रोमानीज' झालं. आपल्याकडच्या पुस्तकांना तिकडे 'अनटचेबल्स' हे शीर्षक असे, तिथं आता 'दलित्स' आहे.

हे वाचून तिकडे सगळं आपोआप होतं असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. 2014 साली डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'इलीगल एलियन्स' (बेकायदा परके) हे शीर्षक काढा, अशी मागणी केली. 2016 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती मान्यही केली. पण संसदेतल्या काही सदस्यांनी थेट खर्चाच्या विधेयकातून त्यात हात घातला आणि बदल अडला. अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये तो झाला, तोही अर्धामुर्धा: माणसांसाठी 'नॉनसिटिझन्स', कृतीसाठी 'इलीगल इमिग्रेशन'. त्या सात वर्षांत आलेल्या पुस्तकांना तो शब्द मी माझ्या हातानं लावला आहे. माझ्या स्वतःच्या इमिग्रेशनच्या कागदांवर 'ए'नं सुरू होणारा नंबर आहे, आणि तो 'ए' एलियनचाच. तेव्हा नाव कोण ठेवतं आणि कुणाला चिकटतं, हे मला केवळ व्यवसायामुळे कळलेलं नाही.

आणखी एक गंमत नव्हे, पण बोचणारी गोष्ट. त्या यादीत कित्येक वर्षं 'इंडियन्स' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, आणि आपण 'ईस्ट इंडियन्स'. वसई-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणसाला विचारा, त्याच्या समाजावरचं पुस्तक अशा यादीत कुठं शोधायचं. तिकडची यादी जशीच्या तशी उचलायला माझा विरोध आहे तो यामुळे.

त्याच आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिथं कार्डाची गोष्ट सांगितली तर तिचे यजमान म्हणाले, "ही तिकडची फॅडं आहेत, इकडे आणू नका. आधी पुस्तकांना वाळवी लागू देऊ नका म्हणावं, मग शब्द बघू." वाळवीचं त्यांचं म्हणणं मी मान्य करते. राज्यात 11-12 हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. तुटपुंज्या अनुदानावर ती चालतात आणि तिथल्या माणसांना मिळणारा पगार सांगायला लाज वाटावी असा आहे. पण 'तिकडचं फॅड' हे मला मान्य नाही. 1938 साली, याच मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात, 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा विषय निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी विरोध केला आणि ते सभागृहातून उठून गेले. बर्मन तेव्हा चार वर्षांचे होते. ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांचं नाव त्यांना विचारून ठेवा, ही मागणी आपल्या मातीत फार आधी आणि फार मोठ्या किमतीवर झालेली आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाट्या बदलायला निघालेल्या राज्यात कार्डं तेवढी तशीच राहावीत, याला काय अर्थ आहे?

दुसरा आक्षेप इतिहास पुसला जाण्याचा. तालिकाशास्त्रात याची सोय पहिल्यापासून आहे आणि ती फार साधी आहे. 'पाहा' ही नोंद. जुना शब्द खणात राहतो, त्याच्या कार्डावर फक्त पुढचा पत्ता असतो: 'गुन्हेगार जमाती, पाहा: विमुक्त जमाती'. जुन्या शब्दानं शोधणारा संशोधक रिकाम्या हातानं परत जात नाही. आणि 1871 च्या त्या कायद्यावरचं पुस्तक असेल तर 'गुन्हेगार जमाती कायदा' हेच शीर्षक हवं, कारण कायद्याचं नाव तेच होतं. त्या कायद्यानं जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं, हजेरी लावली, तारेच्या कुंपणात कोंडलं. हे दडपायचं नाहीच. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायद्याला त्याच्या नावानं ओळखा, माणसांना त्यांच्या.

अवघड भाग पुढे आहे. आदरानं दिलेला शब्दही चुकू शकतो. 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी सुचवला आणि बघता बघता खात्यांच्या पाट्यांवर गेला. पुष्कळांनी तो आपलासा केला, पण अपंगांच्या कित्येक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती. माझ्या मावशीला लहानपणी पोलिओ झाला. तिला एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाली, "मला दिव्य काही मिळालेलं नाही गं. मला जिना चढता येत नाही, एवढंच खरं आहे. मला अपंग म्हण आणि कठडा लावून घे." त्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग पहिल्या मजल्यावर आहे. मावशी 40 वर्षं सभासद आहे आणि तो विभाग तिनं पाहिलेला नाही. तिथं शीर्षक काय द्यावं? मी आज 'अपंग व्यक्ती' देईन आणि 'दिव्यांग'वरून 'पाहा' करीन. दुसऱ्या कुणाची मावशी याच्या नेमकं उलट सांगेल, आणि तिचंही ऐकावं लागेल.

'दलित' शब्दाचंही तसंच. 2018 साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना तो टाळून 'अनुसूचित जाती' वापरायला सुचवलं. पण तो शब्द लोकांनी स्वतः निवडलेला, त्यावर एक अख्खं साहित्य उभं राहिलेलं. दलित साहित्यावरच्या पुस्तकाला 'अनुसूचित जातींचे साहित्य' असं शीर्षक दिलं तर वाचक ते शोधणार कसं?

अमेरिकेत एक गोष्ट खरंच चांगली आहे. कुठल्याही गावच्या ग्रंथालयातला तालिकाकार, आधार म्हणून पुस्तकं दाखवून, शीर्षक बदलायचा प्रस्ताव पाठवू शकतो. तो मंजूर होवो न होवो, दार आहे. मराठीत सगळी ग्रंथालयं मिळून वापरतील अशी, कुणी तरी चालवलेली विषयशीर्षकांची यादीच रोजच्या वापरात नाही, मग प्रस्ताव पाठवायचा कुणाकडे? एकाच कॉम्प्युटरवर मला 'भटके विमुक्त', 'भटके-विमुक्त' आणि 'विमुक्त भटके' अशा तीन वेगळ्या नोंदी दिसल्या, प्रत्येकीखाली वेगळी पुस्तकं. पुण्यात काय नाही? 1848 पासूनचं नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, ग्रंथालयशास्त्र शिकवणारा विभाग आहे. माणसांविषयीची 200-300 शीर्षकं घेऊन सुरुवात करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी सुट्टी टाकून यायला तयार आहे.

त्या दिवशी निघताना मी मुलीला विचारलं, "'विमुक्त जमाती' लिहिलं तर चालेल?" ती थोडा वेळ विचारात पडली. "त्यात चौदा समाज येतात मॅडम. ते सरकारी फॉर्मवर ठीक आहे. पुस्तक पारध्यांवर असेल तर 'पारधी' लिहा की."

चार्ल्स कटर यांनी 1876 साली तालिकेचे नियम लिहिले, त्यातला विषयशीर्षकांचा मूळ नियम हाच आहे: पुस्तक ज्या विषयावर आहे त्याच विषयाखाली नोंदवा, तो ज्या मोठ्या वर्गात मोडतो त्याखाली नको. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. मग ती म्हणाली की त्यातही फासेपारधी वेगळे, गावपारधी वेगळे, आणि माझ्या वहीत दोन्ही शब्द तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिले. कार्डं मात्र अजून 'ग'च्या खणात आहेत.