मनोनोचं लिथियम नक्की कोणाच्या नावावर? ऐरोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

काँगोतल्या मनोनोच्या लिथियम साठ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मी लहान भागधारकांना उगाच घाबरवतोय. तुमचे जावई पर्थला आहेत, त्यांनी या साठ्यावर हक्क सांगणाऱ्या एव्हीझेड मिनरल्स या ऑस्ट्रेलियन कंपनीचे शेअर घेतलेत. खाण जमिनीत आहे, ती कुठे पळून जात नाही, आणि आता कोबोल्ड ही अमेरिकी खनिजशोध कंपनी आल्यामुळे सगळं मार्गी लागलं, असं तुमचं म्हणणं. शेवटी विचारलंत, मग आम्ही करायचं तरी काय? घरच्या पैशांचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

काँगोतला हा साठा प्रचंड आहे, याबद्दल भांडणाऱ्या कुठल्याच बाजूला शंका नाही. पण जावईबापूंचा हक्क थेट खडकावर नाही. त्यांचा हक्क एव्हीझेडवर, एव्हीझेडचा दॅथकॉम या भागीदारीतल्या कंपनीवर आणि दॅथकॉमचा सरकारी परवान्यावर. शेवटचे दोन्ही हक्क वादात आहेत.

एव्हीझेड 75 टक्क्यांचा दावा करते. त्यातले 15 टक्के तिने दॅथोमिर या भागीदाराकडून घेतले आणि ती खरेदीच दॅथोमिरला मान्य नाही. उरलेले 25 टक्के कोमिनिएर या सरकारी कंपनीचे. तिने त्यातले 15 टक्के 2021 मध्ये चीनच्या झिजिन या खाणकंपनीच्या उपकंपनीला विकले. एव्हीझेड म्हणते, विकण्याआधी आम्हाला विचारायला हवं होतं, पहिला हक्क आमचा. त्याच वर्षी एव्हीझेडने आपल्यातले 24 टक्के 24 कोटी डॉलरना द्यायचा करार सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीशी जोडलेल्या कंपनीबरोबर केला. आता कागद-पेन्सिल घ्या. 75 धरले तर 24 देऊनही 51 हातात राहतात, म्हणजे बहुमत. दॅथोमिरचे 15 गेले तर उरतात 36. भागधारकांच्या ग्रुपवर मात्र चर्चा एकच, भाव किती होईल.

तुम्ही ऐरोलीचे, म्हणून सिडकोने जमीन घेतल्यावर मूळ मालकांना मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची आठवण करून देतो. भूखंड जागेवर असतो, सिडकोच्या नकाशात त्याला नंबर असतो, घेणाऱ्याने वारसांपैकी एका भावाला पैसे मोजलेले असतात आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार झालेला असतो. मग कळतं की वारसांत दोन बहिणी आहेत आणि त्यांची सही कुठेच नाही. आपल्याकडे अशी फाइल बघितल्यावर 'जमीन पळून जात नाही' म्हणून कोणी निश्चिंत होत नाही. थेट विचारतो, सिडको, मूळ मालक आणि घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करारनामा झालाय का? मनोनोच्या बाबतीत हाच प्रश्न विचारल्यावर मी घाबरवणारा कसा ठरतो?

नुसत्या तर्कांनी नुकसान कसं होतं तेही बघा. मे 2022 मध्ये खाणपरवान्याचा हुकूम निघाल्याची बातमी कंपनीने दिली आणि त्याच महिन्याच्या 9 तारखेला शेअरचे व्यवहार थांबले. भाव होता 78 सेंट. व्यवहार थांबले म्हणजे मोठी ऑफर येतेय, असं तेव्हा ठामपणे सांगितलं जात होतं. व्यवहार पुन्हा सुरू झालेच नाहीत. 2023 मध्ये परवाना रद्द झाला, क्षेत्राचा उत्तरेकडचा भाग झिजिन आणि कोमिनिएरच्या नव्या कंपनीला मिळाला आणि मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने एव्हीझेडला यादीतून काढलं. या दोन वर्षांत ज्यांना मुलांच्या फीसाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी पैसे हवे होते त्यांना एक शेअरही बाजारात विकता आला नाही. मला राग येतो तो याचा.

लवाद आहे, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. एक लढाई पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या लवादात, दुसरी काँगो सरकारविरुद्ध जागतिक बँकेच्या लवाद केंद्रात. पण ग्रुपवर 'जिंकलो की खाण परत' असं जे फिरतं, ते तसं नाही. जागतिक बँकेच्या केंद्राचा निवाडा लागला तर इतर सदस्य देशांच्या न्यायालयांतून वसूल करता येते ती रक्कम. काँगोच्या राजधानीत, किन्शासात बसून परवाना पुन्हा कोणी दॅथकॉमच्या नावावर करून देत नाही.

कोबोल्डचं म्हणाल तर बातमी खरी आहे. 2025 मध्ये त्यांनी एव्हीझेडचा हिस्सा घेण्याबाबत आराखडा करार केला, जुलैमध्ये काँगो सरकारशी तत्त्वतः करारही झाला. गेट्स आणि बेझोस यांचा पैसा त्या कंपनीत आहे, त्यामुळे आशा वाटणं स्वाभाविक आहे. पण आराखडा करार म्हणजे खरेदीखत नव्हे, आणि झिजिन उत्तरेकडच्या भागात काम करतेय.

आता करायचं काय. जावईबापूंना सांगा, शेअर त्यांच्याच नावावर नोंदले आहेत की ब्रोकरच्या, ते रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. पत्ता, ईमेल आणि बँक खातं अद्ययावत ठेवा, म्हणजे उद्या काही वाटप झालं तर ते पोचेल. ग्रुपवर कोणी 'तुमचे शेअर बाहेरच्या बाहेर घेतो' किंवा 'अजून स्वस्तात देतो' म्हणालं तर कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. आणि नवीन पैसा यात घालायचा विचार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घालू नका.