पाच रुपये येणे

नाशिककराला जुन्या नोटा जमवणं सोपं जात असेल, असा बाहेरगावच्या लोकांचा समज आहे. "तुमचं काय बाबा, छापखाना घरचाच!" हे वाक्य माझा पुण्याचा साडू प्रत्येक लग्नात म्हणतो आणि स्वतःच हसतो. आता नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात हे खरं, आणि पहिली छापली ती पाचाची हेही खरं. शिवाय इथे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी 'प्रेसमधून रिटायर' असतं. पण त्यांच्याकडे नोटेचा विषय काढून बघा. "अहो, आम्ही आयुष्यभर नोटा मोजल्या, पण घरी न्यायचा तो फक्त पगार!" असं म्हणून ते गुडघेदुखीवर येतात. हलवायाच्या घरी पेढा मिळत नाही, त्यातलीच गत.

माझं वेड १९४७ ते ५० या काळातल्या नोटांचं. देश स्वतंत्र झाला, पण खिशातल्या नोटेवर राजा सहावा जॉर्ज तसाच बसून होता. त्याच्या जागी आधी गांधीजी येणार होते, तशी डिझाइनंही तयार झाली होती, पण शेवटी सारनाथचे सिंह आले. सिंहवाला पहिला एक रुपया १९४९ चा. तो माझ्याकडे आहे. त्या एका रुपयासाठी मी मोजलेला आकडा मात्र घरात कोणालाही ठाऊक नाही, आणि हा लेख बायको वाचणार असल्यामुळे तो इथेही येणार नाही.

खरी तळमळ होती ती दुसऱ्याच नोटेची. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःचा नोटांचा छापखाना नव्हता. मग आपल्याच राजाछाप नोटांच्या पांढऱ्या भागात वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरं घालून, इथे नाशिकरोडला छापून, १९४८ च्या एप्रिलपासून तिकडे चालवल्या. पाचाच्या नोटेवर सही कोणाची, तर रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची! म्हणजे महाडकडच्या माणसाची सही, नाशिकची छपाई आणि नोट पाकिस्तानची. असली नोट घरापासून रिक्षाच्या अंतरावर छापली गेली आणि आपल्याला दिसू नये, याचा मला फार त्रास होई.

सराफ बाजारापासून बुधवारच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलं. जुन्या नोटांना पूर्वी गड्डीत घट्ट टाचत, त्यामुळे भोक हे असणारच. त्याचं दुःख नाही. दुःख इस्त्रीचं. विकणारे नोट धुतात, खळ लावतात आणि इस्त्री फिरवून 'एकदम क्रिस्प' म्हणून समोर धरतात. ट्यूबलाइटकडे तिरपी धरली की घडीची रेघ जखमेच्या व्रणासारखी दिसते, आणि नाकाशी नेली तर सरळ लॉन्ड्रीचा वास येतो.

त्यात माझा हा नाद कॉलनीत फुटला. तेव्हापासून रोज कोणीतरी ट्रॅक्टरची नोट घेऊन दारात. पाचाच्या नोटेमागे ट्रॅक्टर असेल तर लाखो रुपये मिळतात, ही अफवा मोबाइलवर गेली कित्येक वर्षं फिरते आहे. २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने असल्या जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांना फसू नका म्हणून बजावलं, पण बँकेपेक्षा मेहुण्याने पाठवलेल्या व्हिडिओवर लोकांचा विश्वास जास्त. समोरच्या नानांकडे तर अशी कोरी करकरीत नोट आहे. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते ती देव्हाऱ्यामागे ठेवतात. "नाना, हिचे पाचच मिळतील," असं मी सांगितलं त्या दिवसापासून ते माझ्याकडे संशयाने बघतात. मला ती स्वस्तात ढापायची आहे, अशी त्यांची खात्री आहे.

आणि मग एका मित्राच्या आत्याकडे, जुन्या नाशकातल्या वाड्यात, ती नोट निघाली.

आत्यांचं वय नव्वदीला टेकलेलं. लक्ष्मीपूजनाच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी ती काढली. राजाचं एक गाल हळदीने पिवळं, कपाळावर कुंकवाचा थर, आणि त्या थराखालून 'पाकिस्तान' अर्धवट डोकावणारं. १९४८ च्या पावसाळ्यात देवळालीच्या कॅम्पातल्या एका सिंधी गृहस्थाने सासऱ्यांच्या दुकानात ती मोडली होती. त्याने कराचीहून आणलेली, सासऱ्यांनी चष्मा न लावता घेतलेली. ही नोट इकडे कोण घेणार? चालेना म्हणून फेकावी, तर लक्ष्मी. मग दर दिवाळीला हळदकुंकू लागत गेलं.

माझे हात कापत होते. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "आत्या, हिची किंमत बरीच येईल. डाग आहेत तरीही."

"मला बरीच नको," आत्या म्हणाल्या. "मामंजींच्या वहीत पाच रुपये येणे लिहिलंय. पाच दे आणि घेऊन जा."

"असं कसं? निदान हजारात तरी..."

"जास्तीचे घेऊन मी कुठे लिहू?"

मी खिशातून पाचाचं नाणं काढलं. त्यांनी ते परत माझ्या हातात ठेवलं. नोट बुडाली होती, नोटच यायला हवी. बरं, हिशोबात चूक तरी कशी काढणार?

आता पाचाची नोट शोधा. बँकेच्या काउंटरवर मागितली, तर नाण्यांची पिशवी पुढे आली. भाजीबाजारात एक मिळाली, तिचा अर्धा भाग नोट आणि अर्धा चिकटपट्टी. ती नेली. आत्यांनी खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. "आमची कशी अखंड आहे. ही जोडलेली." दुसरी नेली, तिला तेलाचा डाग. तिसरीवर कोणीतरी 'सोनू मिस यू' लिहिलं होतं. आत्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. जगभरात नोटांचं ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे. त्यांनी आत्यांकडे शिकवणी लावावी.

शेवटी ज्या दाराला मी इतके दिवस टाळत होतो, तिथेच बेल वाजवली. नानांनी चहा टाकायला सांगितलं, पाकीट काढलं, दिव्याखाली ठेवलं. ट्रॅक्टर झळझळत होता.

"नाना, मला ही हवी आहे."

नाना बायकोकडे वळले. "बघ! म्हटलं नव्हतं तुला?" मग माझ्याकडे बघून मवाळ आवाजात म्हणाले, "तीन लाख सांगतायत मार्केटला. तुम्ही समोरचे, म्हणून अडीच."

मी खिशातलं पाचाचं नाणं टेबलावर ठेवलं. नानांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर ट्रॅक्टर आहे का?"