सांभाळायला बाई लावताना घ्यायची निष्काळजी

मणक्याला मार बसलाय, पाय चालत नाहीत, हात अर्धेमुर्धे चालतात आणि उचलून उचलून घरच्यांच्या कमरा गेल्या. म्हणून सांभाळायला बाई लावायची ठरली. उत्तम. बाई तुमच्यासाठी, पण ठरवायची मात्र सगळ्यांनी. काका, गल्लीतले अण्णा आणि ब्युरोवाला समोरच्या खोलीत बसतील. तुम्ही आतल्या पलंगावरच बरे. बाईला चुकूनही आत आणू नका. तुमचं वजन किती, लघवीची पिशवी आहे का, रात्री किती वेळा कूस बदलावी लागते, हे आधीच कळलं तर ती तयारीनिशी यायची. याआधी तिने कुणाला पलंगावरून व्हीलचेअरवर घेतलंय का, हेही विचारायचं नाही. ब्युरोवाला "सवयीची आहे" म्हणाला ना, मग झालं. कमिशन आगाऊ मोजा. ती चार दिवसांत निघून गेली तर बदली पाठवायचा शब्द त्याने दिलेला असतो. फोन उचलायचा दिलेला नसतो.

आपल्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठरतो तेव्हा बघा काय बोलणी होतात. पैसे किती, धान्य किती, उचल किती, रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जायचं की नाही, सुट्ट्या कधी. बैल मारका असला तर तेही सांगतात. तुम्ही पडलात माणूस, तुमच्यासाठी एवढी बोलणी कोण करणार? "घरचंच समज गं" एवढ्यावर भागवा. फार कामाचं वाक्य आहे हे. घरच्या माणसाला पगार तारखेला द्यावा लागत नाही, साप्ताहिक सुट्टी लागत नाही, आणि उन्हाळ्यात "रिकामीच तर बसलीस" म्हणून गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला पाठवता येतं.

ती गच्चीवर असताना तुम्ही हाक मारू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टर सांगतात. त्यांना बिबडे घालायचे नसतात. माकडहाडाखाली चादरीची एक चुणी राहिली आहे. तुम्हाला ती टोचणार नाही, कारण तिथलं काही कळतच नाही. संध्याकाळी तिथे लाल चट्टा दिसेल, तेव्हा "अरे, सकाळी तर नव्हता" असं सगळ्यांनी मिळून म्हणावं. हवेच्या गादीचा पंप लाइट गेली की बंद पडतो. त्याकडेही दुर्लक्ष करा, कूलरही बंदच असतो.

उन्हाचं तर बोलूच नका. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की धडधाकट माणूस घामाने भिजतो. मणक्याला वरच्या बाजूला मार असेल तर त्याच्या खालच्या अंगाला घामच येत नाही, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ताप चढतो. ओल्या फडक्याने अंग पुसत राहावं लागतं. हे बाईला सांगितलंत तर ती पुसेल. त्यापेक्षा भेटायला आलेल्यांना म्हणू द्या, "नशीबवान हो, एवढ्या उन्हात घामाचा थेंब नाही!"

याच उन्हात अखाजी येते. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तुमच्या बाईलाही माहेर आहे, ही बातमी आदल्या रात्री फुटली पाहिजे. अखाजी कालनिर्णयात छापलेली असते, पण कॅलेंडर बघून दुसरी बाई आधीच सांगून ठेवणं म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखवणं.

पैशांची काळजी सरकार करतंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही लिहिलाय. त्याच कलमात वर "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" असंही लिहिलंय, ते वाचून मन खट्टू करू नका. शिवाय संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १५०० वरून २५०० झाली. त्यात दिवसपाळीच्या बाईचे किती दिवस निघतात, हा हिशेब मांडायला कुणाकडे कागद मागू नका.

आता पाहुण्यांचं. पाहुणा तुमच्या पायाशी खुर्ची ओढून बसेल, तुमच्याकडे बघेल आणि बाईला विचारेल, "यास्ले चहा चालस का?" तुमची जीभ शाबूत आहे हे अशा वेळी उघड करू नये. साखर किती, झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळं तिलाच सांगू द्या. पण एखादी बाई निघते आगाऊ. हातातलं फडकं खाली न ठेवता म्हणते, "मला काय विचारता, त्यांनाच विचारा ना." अशी बाई फार दिवस कामावर ठेवू नका. पुढच्या महिन्यात ती सुट्टीसुद्धा तुम्हालाच विचारून घेईल.