मदरबोर्ड गेला असे कधीही मानू नये

आपला दहा इंची लॅपटॉप एखाद्या सकाळी सुरू झाला नाही, तर दोष सर्वप्रथम चार्जरला द्यावा. चार्जर हा गरीब प्राणी आहे. तो स्वस्त असतो, जमिनीवर लोळत असतो आणि त्याची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली असल्यामुळे त्याच्या चारित्र्याविषयी घरात आधीपासूनच संशय असतो. त्याचा दिवा व्यवस्थित पेटलेला दिसला तरी विचलित होऊ नये. शेजाऱ्यांचा चार्जर मागून आणावा, त्याची पिन बसत नाही म्हणून तो परत करावा, मग १९ व्होल्टचा नवा विकत घ्यावा, आणि लॅपटॉप त्यावरही ढिम्म राहिला की नवा चार्जर डुप्लिकेट निघाला असे जाहीर करावे. एवढ्यात साधारण एक आठवडा जातो. हा आठवडा वाया गेला असे मुळीच समजू नये, कारण जो शब्द आपल्याला टाळायचा आहे, तो या काळात घरात कोणीही उच्चारलेला नसतो.

तो शब्द म्हणजे मदरबोर्ड. टेबलावरच्या मोठ्या संगणकात एक भाग गेला तर तो काढून दुसरा बसवता येतो. आपल्या छोट्या यंत्रात मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स, आवाज आणि चार्जिंगची सारी व्यवस्था एकाच हिरव्या पाटीवर, म्हणजेच मदरबोर्डवर, कायमची डाखून टाकलेली असते. एकत्र कुटुंबच ते. एकाने अंथरूण धरले की सगळ्यांची चूल बंद. म्हणूनच निदान मदरबोर्डापर्यंत पोहोचू न देणे, हे प्रत्येक जबाबदार मालकाचे पहिले कर्तव्य ठरते.

आपल्या यंत्राचे कुळ काय, हेही या प्रसंगी आठवावे, म्हणजे धीर येतो. २००७ च्या अखेरीस असूसने सात इंची पडद्याचा ईई पीसी बाजारात आणला, २००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसर काढला, आणि पुढची तीन-चार वर्षे ज्याला त्याला असा छोटा, स्वस्त लॅपटॉप, म्हणजे नेटबुक, हवेसे वाटू लागले. १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि सव्वा किलो वजन. मी माझा २०१० साली घेतला तेव्हा दुकानदाराने तो एका हाताच्या पंजावर तोलून दाखवला होता, आणि आपण फार पुढचे काही विकत घेत आहोत असे मला वाटले होते. त्यात विंडोज ७ ची स्टार्टर नावाची आवृत्ती होती, जिच्यात पडद्यामागचे चित्र बदलण्याची परवानगी नव्हती. गाडी आपली, पण रंगाला हात लावायचा नाही. पडद्याची उंची ६०० पिक्सेल असल्याने कित्येक खिडक्यांचे ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली, म्हणजे जवळजवळ मांडीवर, उमटत असे आणि ते टॅब व एंटर यांच्या साहाय्याने अंदाजाने दाबावे लागे. २०१३ च्या सुमारास कंपन्यांनी हा प्रकार बनवणेच सोडून दिले. आपण मात्र सोडले नाही. कंपनीने सोडले म्हणून आपण सोडावे, असे कोठे लिहिले आहे?

चार्जरचा आठवडा संपला की आयटीतल्या भाच्याला फोन करावा. आयटीतला भाचा प्रत्येक मराठी घरात असतोच, आणि तो हैदराबादच्या कुठल्याशा बँकेसाठी जावामध्ये व्याजाचा हिशेब लिहीत असला तरी इस्त्रीपासून लॅपटॉपपर्यंत वीज खाणाऱ्या सर्व वस्तू त्याच्याच अखत्यारीत येतात, अशी घराची ठाम समजूत असते. तो प्रथम विचारतो, ‘‘मामा, रीस्टार्ट करून पाहिलास का?’’ जो स्टार्टच होत नाही तो रीस्टार्ट कसा करायचा, असला तर्क त्याला ऐकवू नये. त्याच्या सांगण्यावरून बॅटरी काढावी, चार्जर काढावा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, आणि त्या तीस सेकंदांत आपण एखाद्याची नाडी पाहत आहोत असा चेहरा करावा. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासावेत. हा उपाय हास्यास्पद दिसत असला तरी त्या दातांवर खरोखरच मळ साचतो आणि खोडरबराने कधी कधी खरोखरच काम होते. या सगळ्या प्रकरणातला हाच मोठा धोका आहे, कारण एकदा काम झाले की माणूस पुढची पाच वर्षे प्रत्येक आजारावर खोडरबरच घासत बसतो.

इतके होऊनही दिवा पेटतो, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो, अशी अवस्था असेल तर मुंबईत ग्रँट रोड स्थानकाला उतरून संगणक-दुरुस्तीचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठावा. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते. पण त्या नावाने विचारल्यास कोणी पत्ता सांगेलच अशी खात्री धरू नये. जिन्याखालच्या एखाद्या काचेच्या खोक्यात, डोळ्याला सूक्ष्मदर्शक लावून बसलेला एक तरुण आपल्याला भेटेल. त्याला लॅपटॉप देताना ‘‘काही विशेष नाही, बहुधा सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल’’ असे अवश्य म्हणावे. तो मान वर करणार नाही.

त्याचे काम मात्र जवळून पाहण्यासारखे असते, आणि ते पाहताना मी उपहास करायचे काही वेळ विसरलो, हे कबूल करतो. त्याने पाटी मोकळी केली, मीटरचे दोन काटे टेकवले आणि मीटरने टूं असा लांब सूर लावला. ‘‘शॉर्ट आहे साहेब.’’ मग त्याने पाटीवर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर दिला आणि त्या शॉर्ट झालेल्या वाटेत जेमतेम एक व्होल्टचा प्रवाह सोडला. ओल्या पाटीवर एके ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, ओल सर्वांत आधी उडाली. तेथे विजेचा दाब स्थिर ठेवणारा एक तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर होता, तिळाएवढा. असे शेकडो तीळ त्या पाटीवर असतात. त्यांपैकी एकाने आतल्या आत हातमिळवणी केली की तीन-साडेतीन व्होल्टची अख्खी वाट जमिनीत जाते आणि सव्वा किलोचे यंत्र मुके होते. त्याने तो तीळ चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो मला दिसेना. चष्मा काढून पाहिल्यावर दिसला.

एवढ्यावर यंत्र सुरू झाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. शॉर्ट गेला, पडदा काळाच राहिला. ‘‘आता चिपचा प्रॉब्लेम आहे,’’ तो म्हणाला. मोठ्या चिपच्या पोटाखाली डाखाचे शेकडो बारीक मणी असतात आणि त्यांवरच ती पाटीवर उभी असते. जुना शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाला बंदी घातली आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील, चांदी व तांबे यांचा नवा डाख धरला, जो २१७ अंशांच्या पुढे वितळतो आणि स्वभावाने अधिक ताठर असतो. यंत्र रोज तापते, रोज निवते, आणि दहा-बारा वर्षांत कोठेतरी एका मण्याला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. मणी बदलण्याच्या कामाला रिबॉलिंग म्हणतात. त्याचे साडेतीन हजार होतील, चिप जगेलच याची हमी नाही, आणि चालू स्थितीतल्या अशा लॅपटॉपला दीड हजारही कोणी देणार नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ‘‘बोर्डाच्या मागे लागू नका साहेब. हार्ड डिस्क काढून देतो. केसिंगमध्ये घाला, यूएसबीला लावा, तुमचा सगळा डेटा त्यातच आहे.’’

हा क्षण कसोटीचा असतो. आपल्या आईच्या साठीशांतीचे फोटो, मुलीच्या बालवाडीतल्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण, गावच्या घराच्या सात-बाराची स्कॅन केलेली प्रत, हे सारे मदरबोर्डात नसून त्याच्या शेजारच्या अडीच इंची डबीत सुखरूप आहे, आणि ती डबी दोन-चार स्क्रू काढल्यावर हातात येते, हे एकदा मान्य केले की आपल्या दुःखाला आधारच उरत नाही. म्हणून विषय बदलावा. ‘‘हार्ड डिस्क राहू द्या हो, ती आतच बरी आहे, लॅपटॉप सुरू झाला की बघू,’’ असे म्हणून यंत्र स्क्रूसकट पिशवीत घालून परत आणावे. चार स्क्रूंपैकी एक तेथेच राहतो. चालायचेच.

येथून पुढे स्वयंसेवेचा टप्पा लागतो. प्रथम त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधावा. असे बोर्ड मिळतात. ते ज्या यंत्रांतून काढलेले असतात तीही २०१० चीच असतात आणि त्यांच्या मण्यांनाही त्याच जागी चीर जाण्याची वेळ आलेली असते, एवढाच काय तो दोष. विक्रेता ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो, म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंतची. मधल्या वेळात दुरुस्तीचा हक्क या विषयावर घरी भाषण करावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले, ही गोष्ट खरी आणि चांगली आहे. त्यावेळी आपले मॉडेल बंद होऊन दशक उलटले होते, हा तपशील भाषणात गाळावा.

त्यानंतर ओव्हन. उघडी पाटी ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ-दहा मिनिटे भाजली की ती जिवंत होते, अशी श्रद्धा जगभर आहे. डाख २१७ अंशांना वितळतो आणि आपण २०० वर भाजतो, तेव्हा वितळत काहीच नाही. उष्णतेने चिपच्या आतले सुटलेले सांधे क्षणभर एकमेकांना टेकतात, इतकेच. मोतीबिंदूवर गुलाबपाणी घालावे तसा हा उपचार आहे, पण गुलाबपाण्याने डोळ्याला गार वाटते हे कोण नाकारील? मात्र भाजलेल्या प्लास्टिकचा आणि रसायनांचा धूर अन्नात जाण्याजोगा नसतो, म्हणून ज्या ओव्हनमध्ये नानकटाई होते त्यात हा प्रयोग करूच नये. या लेखात गंभीरपणे घेण्याजोगे वाक्य हे एवढेच आहे. आमच्या घरी ते मला आधीच आणि बऱ्याच मोठ्या आवाजात सांगण्यात आल्यामुळे पाटी कच्चीच राहिली.

कच्ची पाटी परत आत बसवून लॅपटॉप माळ्यावर ठेवावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अशी वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावी अशी त्यांमागची अपेक्षा आहे, पण आपली वस्तू कचरा नसून विश्रांती घेत आहे, तेव्हा ते नियम आपल्याला कसे लागू होतील? फुगू लागलेली बॅटरी तेवढी काढून ठेवावी. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला तर त्याच्याकडे, त्याने आपल्या आत्याबद्दल काही बोलल्यासारखे, पाहावे.

दिवाळीच्या साफसफाईत ते पुन्हा खाली येते. बाजूला पडलेला चार्जर सहज लावून पाहिला जातो, आणि पाटी कित्येक महिने कोरडी पडून राहिल्यामुळे म्हणा किंवा चिरेची दोन्ही टोके योगायोगाने टेकल्यामुळे म्हणा, पडदा उजळतो. असा उजेड माझ्या घरी मोजून अकरा मिनिटे टिकला. त्या अकरा मिनिटांचा विनियोग कसा करावा हे येथे मुद्दाम नोंदवतो. पहिली चार मिनिटे विंडोज उघडण्यात जातात. पुढची दोन मिनिटे सगळ्यांना हाका मारण्यात घालवावीत. मग उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१० ही तारीख दिसते, कारण घड्याळ सांभाळणारी आतली सी. आर. २०३२ ची नाण्याएवढी बॅटरी केव्हाच संपलेली असते. ती तारीख आधी नीट करावी, चुकीच्या तारखेवर काम करणे आपल्या स्वभावात नसते. तारीख नीट होताच इतका वेळ समाधानाने बसलेल्या अँटिव्हायरसला जाग येते, आपला परवाना २०१३ मध्येच संपला आहे हे त्याला कळते, आणि तो पडदाभर एक खिडकी उघडतो. ती बंद करायचे बटण पडद्याच्या खाली असते. तिच्यामागे ‘साठीशांत फायनल’ नावाचे पिवळे फोल्डर अर्धे दिसत असते. टॅब दाबावे, एंटर दाबावे, पुन्हा टॅब दाबावे.

पडदा काळा झाल्यावर स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘‘फोटो घेतलेस ना?’’ अशा वेळी उत्तर देण्याची घाई न करता खाली वाकून चार्जरचा दिवा पेटला आहे की नाही, ते पाहत राहावे.