आगपेटीतले किडे

आज सकाळी आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप गटात एक व्हिडिओ आला. किनाऱ्याकडच्या रस्त्यावर, भर उन्हात, विशीतला एक मुलगा स्वतःचे दंड ओरबाडत, अंगावरचे काहीतरी झटकत धावतो आहे आणि चित्रीकरण करणारे खिदळत आहेत. खाली एकाने लिहिले, "देवचार लागलाय, गाऱ्हाणे घाला," म्हणजे भूत लागलेय, देवाला साकडे घाला. तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही.

असे दंड मी जवळून पाहिले आहेत. माझा मावसभाऊ गोव्यात हरमलला एका शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या खोपटात, कामाला होता. हंगामात पहाटेपर्यंत उभे राहायचे असे, आणि झोप उडावी म्हणून कोणीतरी दिलेला 'आईस', म्हणजे मेथॅम्फेटामिन, तो ओढू लागला. दीडेक वर्षाने एका दुपारी तो आमच्या सोप्यावर आला आणि आईसमोर आगपेटी उघडून म्हणाला, "मावशी, हे किडे माझ्या कातडीखालून काढले, बघ." आत वाळलेल्या रक्ताच्या खपल्या आणि पंच्याचे दोन धागे होते. आईने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि एवढेच म्हणाली, "दुखत असेल रे."

हा पदार्थ मेंदूत डोपामिनचा असा लोंढा सोडतो की भूक, झोप, थकवा यांची जाणीवच उरत नाही, आणि घेतलेल्यातला निम्मा शरीरातून जायलाच 10 ते 12 तास लागतात. तेवढा वेळ हृदय धावते, रक्तदाब चढतो, अंग तापते. ऐन तारुण्यात पक्षाघात होतो, हृदयाचा स्नायू दुबळा पडतो. तोंड कोरडे पडून आणि दात करकरा खाऊन दातांची वाट लागते. माझ्या भावाचे पुढचे दोन दात 24 व्या वर्षी गेले. जागरणाच्या चौथ्या रात्री त्याला माडावर कॅमेरा दिसू लागला, आणि मावशीने नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला वर चढवून तिथे काही नाही हे दाखवले, तेव्हा तो पाडेलीही कटात सामील झाला. हा देवचार नव्हे. हा मेंदूला झालेला आजार आहे.

कोणी त्याच्या तोंडात कोंबले नव्हते, हे मान्य. त्याने मावशीवर कोयता उगारला तेव्हा शेजारी घाबरले, तेही चुकले नाहीत.

पण त्याने सोडले तेव्हाचे आपले वागणे? पहिले आठ-दहा दिवस तो नुसता झोपला आणि जेवला, आणि सगळ्यांना वाटले, सुटला. खरा कठीण काळ त्यानंतर सुरू झाला. थकलेला मेंदू सावरायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तोवर कशातच गोडी वाटत नाही. आवडीचे बांगड्याचे हुमण पानात निवत असे आणि तो भिंतीकडे बघत बसे. घरात त्याला 'माज' म्हणाले. मीही म्हणालो. आठवड्याभरात तो पुन्हा हरमलला गेला. ते माझे वाक्य मला आजही झोपू देत नाही. आईचे ते तीन शब्द मला का सुचले नाहीत?

पुढे तो परत आला, कारण आगपेटी पाहणाऱ्या माणसाकडे यायला त्याला लाज वाटली नाही. या व्यसनावर मान्यताप्राप्त असे औषध अजून नाही. समुपदेशन, नियमित तपासणी, न घेतलेल्या दिवसांचे छोटे बक्षीस आणि भासांवर मानसोपचार, एवढेच हातात आहे, पण त्याने माणसे उभी राहतात. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातले 64अ कलम, अल्प प्रमाण बाळगल्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देते. पोलिसांच्या भीतीने मुलाला खोलीत कोंडून ठेवणाऱ्या घरांना हे कोणी सांगत नाही.

ज्याने तो व्हिडिओ टाकला, त्याने तो आत्ताच्या आत्ता काढावा. त्या मुलाची आई आपल्याच गटात आहे.